मिस्टर तेओंच्या नावावर झोपलेला राजा

नोकरीत मी सगळ्यात जास्त वेळा काय बोलले असेन, तर "श्वास घ्या, रोखून धरा, आता सोडा." नवऱ्याशी उभ्या जन्मात बोलले नसेन एवढं हे बोलले. मिरजेत शिकले, तिथल्याच इस्पितळात डार्करूममध्ये फिल्म धुता धुता कामाला लागले, आणि लग्नानंतर विलासच्या अकाउंट्सच्या नोकरीपायी सिंगापूरला आले ती इथलीच झाले. नोव्हेनातल्या एका खाजगी सेंटरमध्ये निवृत्त होईपर्यंत सी.टी. स्कॅनचं मशीन चालवलं. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या बायका मला "ती फोटो काढणारी" म्हणतात. म्हणोत बापड्या!

फोटो नव्हे हो, चकत्या. काकडीच्या करतो तशा माणसाच्या चकत्या, फक्त न कापता. माणूस एका अरुंद टेबलावर झोपतो, टेबल गोल भोकातून सरकतं, आणि आम्ही काचेपलीकडे बसून त्याच्या आतलं बघतो. छातीचा स्कॅन असेल तर माणसानं श्वास रोखायला हवा, नाहीतर चित्र हलतं. दर वेळी कोण बोलत बसणार, म्हणून मशीनमध्ये आवाज भरून ठेवलेले असतात. इंग्रजी, मँडरिन, मलय, तमिळ. पुण्या-मुंबईहून मुलांकडे आलेल्या आजी-आजोबांची त्यात पंचाईत व्हायची, म्हणून मी माझ्या आवाजात मराठीही भरलं होतं. एका सातारच्या आजींनी तर स्कॅन झाल्यावर भोकात डोकावून विचारलं होतं, "आत कोण बाई बसवलीय गं? तिला पाणी तरी देता का?"

सोन्याचे तंटे वेगळेच. धातू स्कॅनमध्ये पांढराफेक दिसतो आणि आजूबाजूचं सगळं खराब करतो, म्हणून दागिने काढावे लागतात. आपल्या बायका मंगळसूत्र काढायला तयार नसतात. मी ते त्यांच्याच मनगटाला गुंडाळून द्यायचे, म्हणजे अंगावरचं अंगावरच राहिलं. एक बँकेतले साहेब आत झोपल्या झोपल्या फोनवर कुणाला तरी झापत होते. त्यांना मी म्हटलं, "तुमचं डोकं आत हवंय, मीटिंग बाहेर ठेवा." तर असे नमुने. पण ज्याच्यासाठी लिहायला बसलेय, तो राजा मात्र एकदाच आला.

हे मी जोआनला विचारून लिहितेय. जोआन म्हणजे मिस्टर तेओंची मुलगी. नावं अर्थातच बदललेली आहेत.

मिस्टर तेओ आमचे जुने पेशंट. बुकित तिमाहच्या श्रीमंत वस्तीत मोठा बंगला, आणि छातीत बरा न होणारा आजार. दर थोड्या महिन्यांनी स्कॅनला यायचे. एकदा चुकून त्यांना मराठी आवाज लागला आणि तोच त्यांना आवडला. "इंग्रजीवाला माणूस इमिग्रेशन ऑफिसरसारखा बोलतो लाह. मला आंटीचा आवाज लावा." (हे 'लाह' इथल्या बोलण्याच्या शेपटीला असतंच.) शब्द एक कळत नव्हता, पण कुठल्या शब्दावर छाती भरायची, कुठं थांबायचं, कुठं सोडायची, हे त्यांना पाठ झालं होतं. त्यांच्या नावापुढे मशीनमध्ये आम्ही ती खूणच करून ठेवली होती.

पैसा आल्यावर त्यांनी कधीकाळी कैरोहून एक ममी विकत आणली होती. कागदपत्रं पक्की, पेटीसकट. इजिप्त फुटून त्याचे तुकडे झाले होते, त्या काळातला कुणी छोटा राजा. पेटीवरच्या नावाचा अर्धा भाग उडालेला, त्यामुळे नाव पुरतं कुणालाच लागत नव्हतं. एवढी वर्षं तो बंगल्याच्या वरच्या मजल्यावर ए.सी. खोलीत पडून होता. जोआन लहानपणी त्या मजल्यावर जायचीच नाही म्हणे.

तेओंना आता तो राजा स्कॅन करून हवा होता. का, ते नादियाकडून कळलं. नादिया ही इजिप्तची, ममी जपण्या-सांभाळण्याचं शास्त्र शिकलेली. राजाला न फोडता मायदेशी परत पाठवा, म्हणून ती तेओंच्या मागे लागली होती, आणि त्यांनी तिला बोलावून घेतलं होतं. तिनं मला सांगितलं, "आमच्याकडे मेलेल्या राजाच्या छातीवर दगडाचा एक भुंगा ठेवायचे. वर मंत्र कोरलेला. मेल्यावर देवांपुढे हृदयाचा निवाडा होतो, तेव्हा हृदयानं आपल्या माणसाविरुद्ध साक्ष देऊ नये, गप्प बसावं, म्हणून."

"आणि तेओंना तो हवाय?" मी विचारलं.

"स्वतःच्या छातीवर ठेवायला. स्कॅनमध्ये भुंगा दिसला, की ते राजाच्या पट्ट्या कापणार. मालक आहेत, मी अडवू शकत नाही." बोलताना तिचे डोळे भरून आले. "आंटी, तो एकदा कापला की संपला. इतकी हजार वर्षं टिकलंय ते आपल्या हातून धूळ होईल."

मला तेओंचा राग आला. एवढा शिकला-सवरलेला माणूस, आणि हे काय भलतंच! पण नंतर त्यांना व्हीलचेअरवरून आत आणलं तेव्हा त्यांचा चेहरा पाहिला. मरणाला भ्यालेली माणसं मी पुष्कळ पाहिलीत. हे मरणाला भ्यालेले नव्हते. मरणानंतर जे विचारलं जाईल, त्याला भ्यालेले होते. 

रविवार सकाळ होती. सेंटर बंद, बाहेर लख्ख ऊन. राजाला पेटीतून काढून लांब फळीवर बांधून आणलं होतं. आपल्या नववी-दहावीतल्या पोराएवढा दिसत होता. वास म्हणाल तर घाण नाही. जुन्या कपाटातल्या डिंकासारखा आणि मधासारखा मिळून काहीतरी. टेबलावर उचलून घेताना माझा सहकारी केंग म्हणाला, "लाइट आहे लाह, आंटी. माझी सायकल जड आहे." त्याला हसू येत होतं. पण फळी ठेवल्यावर त्यानं पटकन हात पँटला पुसले.

आता इथं एक गोष्ट समजून घ्या. मशीनला नाव दिल्याशिवाय ते हलत नाही. नाव, जन्म, नंबर, सगळं हवं. राजाचं काय लिहिणार? आमच्या धंद्यात एक वाईट खोड आहे. घाई असली की जुन्या पेशंटची नोंद उघडायची आणि तिच्यावरच नवा स्कॅन चालू करायचा. केंगनं तेच केलं. राजा तेओंचा, म्हणून तेओंचीच नोंद उघडली. मी तेव्हा आत राजाच्या मानेखाली फोम सारत होते. बाहेर येऊन बसले तोवर त्यानं बटण दाबलेलं होतं.

काचेपलीकडे टेबल सरकायला लागलं. माझ्या डाव्या बाजूला तेओ, मागे नादिया. आणि त्या खोलीतून माझा आवाज आला.

"श्वास घ्या."

आई शप्पथ सांगते, माझ्या पाचावर धारण बसली. हजारो वेळा ऐकलेला माझाच आवाज. पण रिकाम्या सेंटरमध्ये, त्या पट्ट्या गुंडाळलेल्या देहाला मराठीत सांगत होता.

"रोखून धरा."

"आत कोण आहे?" नादिया किंचाळली. "बंद करा, बंद करा!" तिला वाटलं, आत कुणी बाई राहिली. केंगनं घाबरून लाल बटण हाणलं. मशीन थांबलं. टेबल अर्ध्यावर, राजाची छाती बरोब्बर भोकात.

आणि 'सोडा' आलंच नाही. येणार कुठून? स्कॅनच तुटला होता.

केंग माफी मागत होता, नादिया कपाळाला हात लावून उभी. मी समजावत होते की तो भरलेला आवाज आहे, खुळे, आत कुणी नाही. पण माझं लक्ष लागेना. काय चुकतंय ते कळेना. कुठलाही पेशंट रोखलेल्या श्वासावर ठेवून आम्ही कधी उठत नाही. मशीन बिघडो, वीज जावो, आधी माइकवर जाऊन सांगायचं, सोडा. मिरजेत आमच्या मॅडमनी हे असं काही अंगात भिनवलं होतं, की शरीरच स्वस्थ बसू देत नाही. शेवटी मी माइकचं बटण दाबलं. मनात म्हटलं, वेडी आहेस तू सुनंदा. आणि बोलले, "सोडा. सोडा श्वास."

आणि कुणीतरी सोडला.

लांब, खरखरीत, तळातून आलेला. केंग खुर्चीसकट मागे सरकला.  मी काचेतून राजाकडेच बघत राहिले, आणि मग डावीकडे काहीतरी आपटल्याचा आवाज आला. तेओ खुर्चीत पुढे कलंडले होते. ओठ निळे, कपाळावर घाम. त्यांनी माझ्या आवाजाबरोबर श्वास रोखला होता! इतक्या वर्षांची सवय. आवाज आला, छाती भरली, थांबले. आणि सोडायला कुणी सांगितलं नाही, म्हणून सोडलाच नाही. आम्ही तिघं भांडत होतो तेवढा वेळ.

ऑक्सिजन लावला. हळूहळू रंग परत आला. माझा जीव भांड्यात पडला आणि मग मी त्यांच्यावर खेकसले, "तुम्हाला कुणी सांगितलं होतं? तुम्ही कुठं टेबलावर आहात?"

ते स्क्रीनकडे बोट दाखवत होते. अर्धवट स्कॅनमधून बरगड्या उमटल्या होत्या, कण्याची माळ, वाकडी मान. आणि वर कोपऱ्यात ठळक अक्षरात नाव. तेओ.

"मी आहे ना लाह," ते पुटपुटले. "तिथं मीच आहे."

केंगच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं ताबडतोब नाव पुसून 'अनोळखी पुरुष' केलं. पण पाहायचं ते त्यांनी पाहिलं होतं. डॉक्टरांना बोलावते म्हटलं, तर नको म्हणाले. "आधी पूर्ण करा."

एक मात्र आजही सुटत नाही. नादिया म्हणते, तो श्वास स्पीकरमधून आला. मी तिला वेड्यात काढते. पण आतल्या खोलीतलं ऐकवणारा माझा स्पीकर उजवीकडे आहे आणि तेओ डावीकडे बसले होते. आणि आवाज कुठून आला, असं मला कुणी शपथेवर विचारू नये, एवढंच.

दुसऱ्यांदा आवाज बंद ठेवून पायांपासून सुरू केलं. चकत्या येत गेल्या तसा माणूस जमत गेला. माझ्या धंद्यात हीच खरी मजा. बोलत नसलेला माणूसही आपलं सगळं सांगून टाकतो. राजाचं डावं पाऊल आत वळलेलं, जन्मापासूनचं. अंगाशी एक काठी पट्टीत बांधलेली, खालचं टोक झिजून तिरपं झालेलं. म्हणजे शोभेची नव्हे, रोज टेकून चालायची. दाढा किडलेल्या, जबड्यात पुवाचं भोक. मी म्हटलं, बिचारा रात्र रात्र कण्हत असेल. वय तिशीच्या आतबाहेर. एवढा राजा, आणि हे हाल.

मग सोनं. डाव्या पायाच्या बोटांवर टोप्या चमकल्या, पांढऱ्याशुभ्र. तेओ पुढे झुकले. पण उजव्या पायावर काहीच नाही. हातांची बोटं मोडलेली.

"अंगठ्या ओढताना मोडतात," नादिया हळूच म्हणाली. "चोर आधीच येऊन गेलेत. पुरल्यावर थोड्याच वर्षांत. पट्ट्या फाडल्या, लुटलं. मग पुजाऱ्यांनी परत गुंडाळलं असणार. असं करायचे."

छाती आली.  बरोबर मध्यावर, मुठीएवढा एक गोळा. तेओंनी माझं मनगट धरलं. हात बर्फासारखा.

पण तो दगड नव्हता. दगड असा दिसत नाही, धातू तर नाहीच. मी घनतेचे आकडे पाहिले, उजेड कमी-जास्त केला, तो गोळा सगळ्या बाजूंनी वळवून दाखवला. माती होती. साधी चिखलाची माती, हातानं दाबून भुंग्यासारखी केलेली. मंत्र नाही, अक्षर नाही. पाठीवर एक खड्डा. नादियानं स्क्रीनवर बोट टेकवलं. "अंगठा आहे. कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा."

"म्हणजे खरा चोरीला गेला," तेओ म्हणाले.

"हो. परत बांधताना कुणाच्या तरी लक्षात आलं असेल की हा उघडा पडलाय. दगड कोरायला वेळ नसेल. नदीकाठची माती घेतली असेल."

त्यांनी माझं मनगट सोडलं. मग म्हणाले, "ज्यानं चोरला, त्यानंच केला असेल का?"

नादियानं तो ठसा स्क्रीनवर आणखी मोठा करायला सांगितला. मी केला.

"कापू नका त्याला," तेओ म्हणाले. "घरी घेऊन जा." नादिया मटकन खाली बसून लहान मुलीसारखी रडायला लागली. मलाही भरून आलं. वाटलं, सुटलो.

कसलं काय! महिन्याभरानं तेओ त्यांच्या स्वतःच्या स्कॅनला आले. राजा तोवर खोक्यात बंद होऊन विमानानं गेला होता. टेबलावर झोपवताना ते मला म्हणाले, "आंटी, तुम्ही लोक मातीचा हत्तीदेव करता ना? माझ्यासाठी एक गोळा कराल?"

माझ्या हातातली उशी तशीच राहिली. "जोआनला सांगा ना."

"तिच्यापासूनच तर लपवायचंय," ते म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

बेडोकच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी दर वर्षी गणपती घरी करते, शाडू मागवून. त्या वर्षीचा थोडा उरला होता. विलास ऐकून खवळलाच. "जिवंत माणसासाठी मढ्याची वस्तू करतेस? अगं, अशुभ असतं ते. मुलं-बाळं आहेत आपल्याला." मी दोन दिवस केलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी विलास बाजारात गेल्यावर स्वयंपाकघरात माती भिजवली. गणपती करताना तोंडानं काहीतरी म्हणायची सवय, पण याला काय म्हणायचं? काहीच सुचलं नाही. गोळा वळला, चपटा केला, पाठीवर अंगठा दाबला. दाबताना का कोण जाणे, वाटलं खालून कुणीतरी दाबतंय. घाईघाईनं ओल्या फडक्यात गुंडाळला आणि हात तीन-तीनदा धुतले.

ओलाच बंगल्यावर नेऊन दिला, वाळवत बसले असते तर विलासला दिसला असता. तेओंनी दोन्ही हातांत घेतला. कानाशी नेला, जसा काही तो बोलणार होता. "थँक यू, आंटी," म्हणाले. गोळा मागितला त्या दिवशीच्या स्कॅनमध्ये मी जे पाहिलं, त्यावरून पुढचा स्कॅन लागणार नाही हे मला कळलं होतं.

ते गेल्याची बातमी केंगनं दिली. मी अंत्यविधीला गेले नाही. खरं सांगू? भीती वाटली. मनात सारखं यायचं, माझ्या हातचा गोळा त्या माणसाच्या छातीवर आहे, आणि आत काहीतरी आहे जे बोलू बघतंय, आणि मी त्याचं तोंड दाबून धरलंय. भांडी घासताना, एम.आर.टी.च्या गाडीत बसल्यावर, केव्हाही ते यायचं. अंगठ्याला मातीचा गारवा जाणवायचा. विलासला सांगायची सोय नव्हती.

मग एका सकाळी जोआन आमच्या दारात उभी. पन्नाशीची, नीटनेटकी, डोळे सुजलेले. पर्समधून रुमाल काढला, उघडला. तोच गोळा. 

"ठेवला नाहीत?" मी विचारलं.

"बाबा नको म्हणाले." ती चहाला हात न लावता बोलत होती. "शेवटच्या आठवड्यात रोज छातीवर घेऊन झोपायचे. एक दिवस मला जवळ बसवलं आणि हा बाजूला काढून ठेवला. म्हणाले, यानं हृदय गप्प बसत नाही. आणि सगळं सांगितलं."

तिच्या आधी एक मुलगी झाली होती. तेओ तेव्हा गरीब होते, कामपाँगमध्ये, म्हणजे झोपड्यांच्या वस्तीत राहत होते, आणि मुलगी नको होती. तान्ही असतानाच देऊन टाकली, एका अनोळखी बाईला. नाव ठेवण्याआधीच. बायकोला सांगितलं, मेली. बायको त्याच समजुतीत गेली. पुढे बंगला झाला, सगळं झालं, आणि त्यांनी कधी शोधली नाही.

"बेडोककडची बाई होती, एवढंच त्यांना आठवत होतं," जोआन म्हणाली. "आता ती साठीची असेल. तुमच्या मंडळाच्या मासिकात लिहा, आंटी. कोण वाचेल माहीत नाही, पण लिहा."

मी गोळा उचलला. मी दिला तेव्हा त्याच्यावर एकच ठसा होता. आता माझ्या अंगठ्याशेजारी दुसरा होता, मोठा, खोल. ओला असतानाच त्यांनी दाबला असणार. गोळा आता खडखडीत वाळला होता. मी तो घेऊन पाण्याच्या बादलीकडे निघाले. म्हटलं, पाण्यात सोडू, सुटेल एकदाचा.

जोआननं माझा हात धरला. "बाबा म्हणाले होते, आंटीला परत दे. तेवढ्यासाठीच आले होते. पण मला देता का हा?"

"तुला कशाला गं?"

"ती सापडली तर," जोआन म्हणाली, "तिला द्यायला बाबांच्या हाताचं माझ्याकडे दुसरं काही नाही."